मांडीवरचा स्वस्त संगणक : थोडा इतिहास, थोडी खरेदी

स्वस्त संगणकाच्या इतिहासात सनावळ्यांपेक्षा किमतीचे आकडे जास्त लक्षात राहतात. नऊ हजार रुपये, शंभर डॉलर, दहा डॉलर, पस्तीस डॉलर. बहुतेक वेळा आधी किंमत जाहीर झाली आणि यंत्र मागाहून आलं. आलं तेव्हा एकतर किंमत बदललेली होती, नाहीतर यंत्र तरी.

मी आयुष्यभर शाळेत इतिहास आणि मराठी शिकवलं. संगणकाचं शिक्षण काही नाही, मराठी माध्यमातली बी.ए. आहे. पण निवृत्तीनंतर टंकायला शिकले, तेव्हापासून हा छंद लागला तो लागलाच. त्यामुळे यंत्र बनवणाऱ्याच्या नव्हे, वापरणाऱ्याच्या बाजूनं हा इतिहास सांगायला हरकत नसावी. (तज्ज्ञ भाचेमंडळींनी चुका जरूर काढाव्यात, पण लेख शेवटपर्यंत वाचून!)

सुरुवात करू १९८१ पासून. उचलून नेता येईल असा आणि बऱ्यापैकी खपलेला पहिला संगणक म्हणजे ऑस्बोर्न १. वजन साधारण ११ किलो. म्हणजे शिलाई मशीन उचलून नेता येतं त्या अर्थानं 'उचलून नेण्याजोगा'. पडदा पाच इंचांचा आणि बॅटरी नाही, भिंतीतल्या विजेवरच चालायचा. किंमत १७९५ डॉलर. तेव्हाच्या दरानं पंधरा हजार रुपयांच्या वर जाते. मला तेव्हा अख्ख्या वर्षाचा पगार तेवढा नव्हता. तरीही अमेरिकेत तो स्वस्त मानला गेला, कारण पत्र लिहायचा आणि हिशेबाचा प्रोग्राम त्याच किमतीत सोबत मिळे. आपल्याला जवळचं वाटावं असं यात एक आहे. हा संगणक काढणारा अ‍ॅडम ऑस्बोर्न लहानपणी तमिळनाडूत तिरुवन्नामलाईला वाढला. त्याचे वडील आर्थर ऑस्बोर्न हे रमण महर्षींचे भक्त आणि चरित्रकार. कंपनी १९८३ साली दिवाळ्यात निघाली. पुढचं मॉडेल वेळेआधी जाहीर केल्यामुळे चालू मॉडेलची विक्री थांबली, अशी दंतकथा आहे. कारणं त्याहून जास्त होती असं जाणकार म्हणतात. अ‍ॅडम शेवटी भारतात परतला आणि २००३ साली कोडाईकनालला वारला.

पण माझं खरं प्रेम आहे ते १९८३ च्या टीआरएस-८० मॉडेल १०० वर. हे यंत्र जपानच्या क्योसेरा कंपनीनं बनवलं आणि अमेरिकेत रेडिओ शॅकच्या दुकानांतून विकलं गेलं. आकार मोठ्या वहीएवढा, वजन दीड किलोच्या आत. पडद्यावर फक्त आठ ओळी आणि प्रत्येक ओळीत चाळीस अक्षरं. आजच्या मुलांना हसू येईल. पण कळफलक मात्र पूर्ण आकाराचा आणि दणकट. चार पेन्सिल सेल घातले की साधारण वीस तास चालायचं. बटण दाबलं की क्षणात सुरू. ते गोल फिरणारं चाक बघत बसायला नको. शिवाय फोनच्या तारेतून मजकूर पाठवायची सोय आतच होती. वार्ताहर मंडळी त्याच्यावर लट्टू झाली. मैदानातून, विमानतळावरून, दंगलीच्या गावातून बातमी टंकायची आणि फोनवरून कचेरीत धाडायची. त्यातला बराच प्रोग्राम बिल गेट्स यांनी स्वतः बसून लिहिला होता. आपण एवढ्या प्रमाणात हात घातलेलं ते शेवटचं यंत्र, असं त्यांनीच पुढे सांगितलं.

किंमत १०९९ डॉलरपासून पुढे, म्हणजे गरिबाचं यंत्र नव्हेच. मग या लेखात ते कशाला? अशासाठी की, बनवणाऱ्यांनी त्यातून पुष्कळ काही वगळलं, पण जे ठेवलं ते पूर्ण ठेवलं. बातमी लिहिणाऱ्या माणसाला काय लागतं, तर लिहायची जागा, अक्षर उमटतंय हे दिसण्यापुरता पडदा, आणि मजकूर पुढे पाठवायची वाट. तेवढं दिलं, बाकीच्याला फाटा. 'साधा रोजचा वापर' असं आपण सहज म्हणतो. पण साधा म्हणजे कोणाचा, रोजचा म्हणजे कोणत्या कामाचा, हे कोणीतरी ठरवतच असतं. स्वस्त यंत्रात तर फारच ठरवतं, कारण पैसे वाचवायचे म्हणजे काहीतरी काढून टाकावंच लागतं. मला तर हा सगळा इतिहास म्हणजे काय काढून टाकलं याची यादीच वाटते.

स्वस्त आणि मुलांच्या हाती देता येईल अशा यंत्राची कल्पना त्याहून जुनी आहे. अमेरिकेतल्या झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात काम करणाऱ्या अ‍ॅलन के यांनी १९७२ साली 'डायनाबुक'ची कल्पना एका निबंधात मांडली. वहीएवढं यंत्र, मुलांसाठी, मुलांनी त्यावर वाचायचं, चितारायचं, स्वतः काही रचायचं. त्या वेळच्या तंत्रात ते बनणं शक्यच नव्हतं. पण पुढे जे जे झालं त्यावर त्या निबंधाची सावली आहे.

आपल्याकडचा पहिला नाव घेण्याजोगा प्रयत्न बंगळुरूचा. भारतीय विज्ञान संस्थेतले प्राध्यापक आणि एन्कोर ही कंपनी यांनी मिळून सिम्प्युटर घडवला. २००१ साली त्याचे नमुने लोकांनी पाहिले आणि परदेशी वर्तमानपत्रांतही कौतुक झालं. ठरवलेली किंमत नऊ हजार रुपये. हातात मावणारं यंत्र, काडीनं पडद्यावर टेकवायचं, आणि मजकूर भारतीय भाषांत मोठ्यानं वाचून दाखवायची सोय. म्हणजे ज्याला वाचता येत नाही त्याचाही विचार. मला सर्वात आवडलेली गोष्ट त्यातलं स्मार्ट कार्ड. यंत्र गावात एक असेल, पण प्रत्येकाकडे आपापलं कार्ड. ते घातलं की तेवढ्यापुरतं यंत्र त्याचं. सार्वजनिक विहीर आणि घागर ज्याची त्याची, तसं. पण बाजारात यायला २००४ उजाडलं. भारत इलेक्ट्रॉनिक्सनं बनवलेला 'अमिदा' सिम्प्युटर दहा हजारांच्या जरा आत सुरू होई, आणि रंगीत पडद्याचा हवा तर जवळजवळ दुप्पट. तोवर मोबाइल फोन गावोगाव पोचायला लागले होते. फार थोडे खपले. वाईट वाटतं, कारण कल्पना खरोखर आपल्या मातीतली होती.

२००५ च्या जानेवारीत दावोसला निकोलस नेग्रोपाँटी यांनी शंभर डॉलरच्या लॅपटॉपची घोषणा केली. जगातल्या प्रत्येक गरीब मुलाला एक! त्याच वर्षी नोव्हेंबरात ट्युनिसला संयुक्त राष्ट्रांच्या परिषदेत हिरवा नमुना दाखवला. वीज नसलेल्या गावासाठी त्याला दळायच्या जात्यासारखा दांडा होता. सरचिटणीस कोफी अन्नान यांनी तो फिरवला आणि दांडा हातात आला! पुढे प्रत्यक्ष यंत्र बनलं त्यात दांडा नव्हता.

यंत्र म्हणून मात्र ते उत्तम होतं, हे म्हटलंच पाहिजे. मेरी लू जेप्सन यांच्या कौशल्यानं त्याचा पडदा भर उन्हात वाचता येई. धूळ, पाणी, पडणं सोसेल असा बांधा. देवनागरी कळफलकही त्यासाठी तयार झाला होता. २००७ च्या अखेरीस उत्पादन सुरू झालं तेव्हा किंमत १८८ डॉलरवर पोचली होती. भारत सरकारनं २००६ सालीच नकार दिला होता. वर्गखोल्या आणि शिक्षक यांची गरज आधीची, असं मनुष्यबळ विकास मंत्रालयाचं म्हणणं होतं. तेव्हा आमच्या शिक्षकखोलीत या नकारावर पुष्कळ वाद झाले असते, पण मी तोवर निवृत्तीच्या उंबरठ्यावर होते आणि आमच्या शाळेत शिक्षकखोली म्हणजे जिन्याखालची जागा होती.

तरीही भारतातला पहिला प्रयोग झाला तो महाराष्ट्रात, रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या खैराट धनगरवाड्यावर, २००७ साली. एकशिक्षकी शाळा, बावीस मुलं. एकशिक्षकी शाळा म्हणजे काय हे ज्यांनी पाहिलं नसेल त्यांना सांगते. पहिली ते चौथी एकाच खोलीत. एका भिंतीकडे पहिलीची बाराखडी चाललेली, दुसरीकडे चौथीचा भागाकार. शिक्षकाच्या वाट्याला एका वर्गासाठी दिवसाचा जेमतेम चौथा हिस्सा. उरलेल्या वेळात मुलांनी स्वतःहून काहीतरी करत राहायला हवं. अशा ठिकाणी मुलाच्या हाती लिहिता-चितारता येईल असं काही असणं ही चैन नाही. मंत्रालयाचं म्हणणं मला अर्धं पटतं ते याच कारणानं. शिक्षक आधी हवा हे खरंच, पण एकच शिक्षक असतो तिथे पाटीही जास्त लागते.

पेरूनं ही यंत्रं लाखांनी घेतली. २०१२ साली आंतर-अमेरिकी विकास बँकेनं तिथल्या ३१९ ग्रामीण शाळांचा अभ्यास प्रसिद्ध केला. गणित आणि भाषा यांच्या गुणांत फरक आढळला नाही. यंत्र दिलं की मूल शिकतं असं मानणाऱ्यांना तो मोठा धक्का होता. फळा दिला की मूल शिकतं असं कोणी म्हटलं असतं, तर आम्हा शिक्षकांना नुसतं हसू आलं असतं.

शंभर डॉलरच्या लॅपटॉपचा खरा परिणाम भलतीकडेच झाला. स्वस्त आणि छोटं यंत्र लोकांना हवं आहे हे कंपन्यांना उमगलं. २००७ च्या ऑक्टोबरात तैवानच्या असूस कंपनीचा ईई-पीसी बाजारात आला. सात इंची पडदा, वजन किलोच्या आत, फिरत्या हार्ड डिस्कऐवजी चार जीबीची चिप, आणि विंडोजऐवजी लिनक्स. गरीब मुलांसाठी म्हणून सुरू झालेली गोष्ट शहरातल्या लोकांनी दुसरं यंत्र म्हणून उचलली. वर्षभरात सगळ्या कंपन्यांचे 'नेटबुक' निघाले. भारतात एचसीएलनं २००८ च्या सुरुवातीला चौदा हजारांच्या आसपास मायलीप आणला.

आपल्यापैकी पुष्कळांच्या अनुदिन्या त्याच काळात सुरू झाल्या, तेव्हा हे सांगायलाच हवं. मनोगत २००४ साली सुरू झालं, मायबोली तर त्याआधीची. युनिकोडमुळे मराठी जालावर सरळ वाचता-लिहिता येऊ लागलं होतं. पण विंडोज एक्सपीत देवनागरी नीट दिसायची तर एका चौकोनात टिचकी मारून भारतीय लिप्यांची सोय बसवावी लागे, आणि ती बसवताना एक्सपी आपली सीडी मागे. आता नेटबुकातून पैसे आणि वजन वाचवण्यासाठी पहिली काढून टाकलेली वस्तू कोणती? सीडीचा खण! कुठल्या तरी कचेरीत बसून कोणीतरी ठरवलं की साध्या रोजच्या वापराला सीडी लागत नाही. इंग्रजीत लिहिणाऱ्याला नसेलही लागत. आपल्याला 'क' ला 'ि' जोडायची तरी लागे. काही यंत्रांत त्या फायली आतच ठेवलेल्या असत, काहींत शेजाऱ्यांच्या संगणकावरून पेनड्राइव्हवर आणाव्या लागत.

मग मायक्रोसॉफ्टनं स्वस्त यंत्रांसाठी एक्सपीचं आयुष्य वाढवलं, पण पडदा आणि मेमरी एवढ्याच मर्यादेत हवी अशी अट घालून. २००९ साली विंडोज ७ ची 'स्टार्टर' आवृत्ती आली. तिच्यात पडद्यामागचं चित्रसुद्धा बदलता येत नसे. त्यात कसली बचत होती? भाडेकरूनं भिंतीला खिळा ठोकायचा नाही, त्यातला प्रकार. स्वस्त यंत्र घेणाऱ्याला आपण स्वस्त यंत्र घेतलंय हे रोज दिसलं पाहिजे! २०१० साली आयपॅड आला, पुढे दोन-तीन वर्षांत नेटबुक बाजारातून गेले.

आपल्या सरकारचा हा छंद मात्र चालू होता. २००९ च्या फेब्रुवारीत तिरुपतीला दहा डॉलरचा, म्हणजे साधारण पाचशे रुपयांचा लॅपटॉप दाखवणार अशा बातम्या जगभर झळकल्या. प्रत्यक्षात पेटीतून निघालं ते मजकूर साठवायचं एक उपकरण. त्यावर अधिक काय लिहू? मग पस्तीस डॉलरचा गजर झाला आणि ५ ऑक्टोबर २०११ रोजी कपिल सिब्बल यांनी 'आकाश' टॅबलेट सादर केला. सरकारला एक यंत्र २२७६ रुपयांना पडत होतं. सात इंची पडदा दाबून चालणारा, नुसतं बोट टेकवून नव्हे. प्रोसेसर मंद, बॅटरी अशक्त. पुढच्या वर्षी सुधारलेली आवृत्ती आली, तोवर उत्साह ओसरला होता.

आकाशला पुष्कळांनी 'डिजिटल पाटी' म्हटलं. पाटीवर शिकलेली आणि पाटीवर शिकवलेली बाई म्हणून मला हा शब्द खटकतो. पाटी ही लिहिण्याची वस्तू आहे. वाचायला पुस्तक असतं, पाटीवर मूल स्वतः लिहितं, चुकतं, फडक्यानं पुसतं, पुन्हा लिहितं. आकाशला वेगळा कळफलक जोडता येत होता, पण तो सोबत नव्हता. म्हणजे ते पुस्तक होतं. चांगलं किंवा वाईट, पण पुस्तक.

२०११ सालीच गूगलची क्रोमबुकं आली. बहुतेक काम जालावर, यंत्रात कमीत कमी. २०१५ मध्ये भारतात झोलो आणि नेक्सियन या नावांची १२,९९९ रुपयांना मिळत होती. यातली मेख अशी की प्रत्येक क्रोमबुकाला सुधारणा मिळण्याची शेवटची तारीख ठरलेली असते, औषधाच्या बाटलीवर असते तशी. २०२३ साली गूगलनं ही मुदत दहा वर्षं केली, पण ती मॉडेल निघाल्यापासून मोजतात, तुम्ही विकत घेतल्यापासून नव्हे. स्वस्तात मिळालेल्या जुन्या क्रोमबुकाची निम्मी मुदत दुकानातच संपलेली असू शकते. त्याच २०२३ साली जिओबुक १६,४९९ रुपयांना आलं, वजन ९९० ग्रॅम.

पण खरा स्वस्त संगणक आपल्याकडे २०१६ नंतर खिशातून आला. डेटा स्वस्त झाला आणि वाचणं, पाहणं, बोलणं, पैसे देणं सगळं फोनवर गेलं. २०२० साली तर शाळाच फोनवर भरली. नेटबुकवाल्यांनी ज्याला 'साधा रोजचा वापर' म्हटलं होतं तो सगळा फोननं गिळला. मग लॅपटॉपला उरलं काय? जे मॉडेल १०० करत होतं तेच. लांब लिहिणं.

आता मुद्द्याची गोष्ट. घरातल्यांना ठाऊक आहे, अनुदिनीच्या बाकी वाचकांसाठी सांगते. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींची नात यंदा मराठी घेऊन बी.ए.ला आहे. मुलगी लिहिते चांगलं. महाविद्यालयाचे प्रकल्प ती फोनवर अंगठ्यांनी टंकते, पंधरा पानं! आपण सगळ्यांनी मिळून तिच्यासाठी वीस हजार जमवले आहेत. गटावर निम्मे म्हणतात चांगला टॅबलेट घ्या, नवाकोरा, दिसायला छान, पडदा सुरेख. निम्मे म्हणतात लॅपटॉप. मावशींना विचारलं तर त्या म्हणाल्या, "तुम्हाला काय योग्य वाटेल ते." पोरीला विचारलं तर लाजली आणि म्हणाली, "काहीही चालेल." मग मी तिला निराळं विचारलं, की काम करताना अडतं कुठे? तेव्हा भडाभडा बोलली. एका पानावरचा परिच्छेद दुसऱ्या पानावर नेताना बोटाखाली शब्द निसटतात. संदर्भ बघायला दुसरीकडे गेलं की परत येईपर्यंत लिहिलेलं कुठे होतं ते सापडत नाही. मान दुखते. टॅबलेट म्हणजे तिचा फोनच, जरा मोठा. माझं मत लॅपटॉपला.

वीस हजारांत नवा घ्यायचा तर बहुधा चार जीबी मेमरी आणि ६४ जीबी जागा मिळते. विंडोज ११ ची किमान अट नेमकी एवढीच आहे, म्हणजे यंत्र पहिल्या दिवसापासून धापा टाकणार. शिवाय अशा यंत्रांत या वस्तू बऱ्याचदा डाखून बसवलेल्या असतात, पुढे वाढवता येत नाहीत. त्यापेक्षा कंपन्यांनी वापरून काढलेले, दुरुस्त करून विकतात ते कामकाजी लॅपटॉप बघावेत. दणकट असतात, कळफलक चांगला असतो, आठ जीबी मेमरी असते. मात्र विंडोज १० ची मोफत साथ १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली, म्हणून इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा आहे ना हे विचारावं. त्याआधीच्यावर विंडोज ११ अधिकृतपणे बसत नाही, तिथे मग लिनक्स. बॅटरी थकलेली असणार असं धरून नव्या बॅटरीचे पैसे बाजूला ठेवावेत. पावती आणि हमी लेखी घ्यावी. पुण्यातला भाचा येत्या रविवारी दोन दुकानं बघणार आहे. त्याला माझी एकच विनंती: मुलीला सोबत ने, आणि तिला दुकानातच उभ्या-उभ्या एक पानभर मराठी टंकू दे. दुकानदार कंटाळला तरी चालेल.

इनस्क्रिप्ट मी तिला शिकवते आहे. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं, आठवड्यात बसतं. कळांवर चिकटवायच्या देवनागरी अक्षरांच्या पट्ट्या मात्र मी आधीच आणून ठेवल्या आहेत, त्या वीस हजारांत धरू नका.